लाल-काळ्या गोळ्यांचा डबा

आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेनिसिलिनचा शोध सात-आठ ओळींत उरकलेला आहे. एक शास्त्रज्ञ सुट्टीवर गेला, जंतू वाढवलेली काचेची बशी तशीच टेबलावर राहिली, परत येऊन बघतो तर बशीत बुरशी उगवलेली आणि बुरशीच्या आसपासचे जंतू मेलेले. योगायोगाने मानवजातीला वरदान मिळालं, एवढं सांगून पुस्तक मोकळं होतं आणि खाली रिकाम्या जागा भरायला लावतं. मी सुरतेत, उधन्याच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी हा धडा आला की माझं डोकं फिरतं. माझा आवाज शेजारच्या वर्गात ऐकू जातो, असं तिथल्या गणिताच्या बाई मला हसत सांगतात.

योगायोग कसला? बशीत बुरशी पडली, हे खरं. तिच्याभोवती जंतू नसलेलं स्वच्छ वर्तुळ तयार झालं आणि त्या माणसाला ते दिसलं, हेही खरं. पण त्या बुरशीतून औषध वेगळं काढता येईना, म्हणून ते सगळं पुढे दहाएक वर्षं पडून होतं. मग दुसऱ्याच विद्यापीठातली माणसं त्याच्या मागे लागली. महायुद्ध चालू होतं, भांडी मिळत नव्हती. त्यांनी दवाखान्यातली रोग्यांची शौचाची भांडी आणून त्यांत बुरशी वाढवली. ती सांभाळायला तरुण मुली कामावर ठेवल्या. त्या मुलींचा पुस्तकात पत्ता नाही. आणि ज्या रोग्याला बरं करायचं म्हणून हे औषध पहिल्यांदा दिलं, त्या पोलिसाचं तर नावनिशाणही नाही.

तो पोलीस मी पदरचा घालून शिकवते. त्याच्या तोंडाला जखम झाली होती. कुणी म्हणतं गुलाबाचा काटा लागला, कुणी म्हणतं बॉम्बस्फोटात सापडला. जखम चिघळली, विष अंगभर पसरलं, एक डोळा काढावा लागला. मग हे नवं औषध टोचलं आणि माणूस उठून बसला, जेवायला लागला. पण सगळ्या प्रयोगशाळेत मिळून औषध होतं चिमूटभर. ते संपत आलं तेव्हा त्या लोकांनी त्याची लघवी जमवली, तिच्यातून औषध गाळून परत काढलं आणि परत त्यालाच टोचलं. तेही संपलं.

इथे कुणीतरी हात वर करतं. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "टीचर, फिर बचा क्या वो?" मी नाही म्हटलं. अर्धवट बरा झालेला तो माणूस औषधावाचून मेला. त्यावर डिंडोलीहून येणारी एक चुणचुणीत मुलगी उठून म्हणाली की तेव्हा आमच्या गल्लीतली माय असती तर तिने दिल्या असत्या गोळ्या, तिच्याकडे डबाभर असतात. वर्गात हशा पिकला. मीही हसले, पण कानशिलं तापली, कारण त्या गल्लीतली ती माय म्हणजे माझी सख्खी आई.

माझी आई डिंडोलीला माझ्या मोठ्या भावाकडे राहते. दादा उधन्याच्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, कारागीर. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. गल्लीतली बहुतेक घरं खानदेशातून आलेली, सगळ्या घरांतून कुणी ना कुणी मागावर. मागावरच्या माणसाला आजारी पडायची सोय नसते. एक-दोन पाळ्या चुकल्या की त्याची मशीनं बदली माणसाच्या हातात जातात आणि बदलीने चांगला कपडा काढला तर ती त्याच्याकडेच राहतात. त्यामुळे इथे ताप आला म्हणजे बरं व्हायचं नसतं, पाळीवर उभं राहायचं असतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि हा फरक शेठलोकांना पक्का ठाऊक आहे.

मेडिकलवाल्यालाही तो ठाऊक आहे. तो चिठ्ठी मागत नाही. अख्खं पाकीट घ्या असं म्हणत नाही. कात्रीने दोन गोळ्या कापून देतो. दोन गोळ्यांत ताप उतरतो, माणूस मशीनवर जातो. कुणी डॉक्टरकडे गेलाच आणि पूर्ण औषध आणलंच, तर तेही तिसऱ्या दिवसापर्यंत घेतो, आणि उरलेल्या गोळ्या आमच्या आईकडे आणून देतो. हा आमच्या गल्लीचा रिवाज. उरलेलं औषध फेकायचं नाही. बिस्किटांच्या एका निळ्या पत्र्याच्या डब्यात ते जमा व्हायचं आणि ज्याला लागेल त्याने मागून न्यायचं. गोळ्यांची ओळख रंगावरून. लाल-काळी तापाची, पिवळी घशाची, पांढरी लांबट पोटाची. दाराशी कुणी आलं की हाक असायची, "माय, एखादी लाल-काळी दे ना व, पाळी शे आज." आई लगबगीने उठायची. लग्नकार्याला कुणी गावाकडे निघालं की सुरतेच्या साड्यांच्या पिशवीत एक पुडी गोळ्यांचीही जायची. गावाकडच्या बायका साडीपेक्षा त्या पुडीची वाट बघत.

मी कितीदा भांडले असेन. माय, हे अर्धवट औषध घेणं म्हणजे जंतूंना तालीम देणं आहे. मेले ते मेले, उरलेले पहिलवान होऊन बसतात. ज्याने ती बुरशी पाहिली, त्यानेच सन्मान स्वीकारताना भर सभेत सांगून ठेवलंय की उद्या हे औषध दुकानात मिळेल, लोक थोडंथोडं घेतील आणि जंतू त्याला सरावतील. आई माझं सगळं ऐकून घ्यायची, मग चहा टाकायची. एकदा मी तिरीमिरीत डबा उचलला आणि कचऱ्यात रिकामा करायला निघाले, तर तिने माझं मनगट धरलं. "फेकू नको बाई. कोन्हातरी कामले ई." कुणाच्या तरी कामाला येईल म्हणे.

त्या दिवशी तिने मला माझ्या सगळ्यात मोठ्या बहिणीची गोष्ट सांगितली. ती दादाच्याही आधीची. मी तिला पाहिलेलं नाही. दोन वर्षांची असताना तिला ताप भरला, श्वास लागला. आई तिला पाठीशी बांधून तीन गावं ओलांडून सरकारी दवाखान्यात गेली. दवाखाना उघडा होता. माणूस खुर्चीत बसलेला होता. त्याने पोरीला पाहिलं आणि सांगितलं, नही शे. औषध संपलंय, वरून आलं नाही, बुधवारनंतर चौकशी कर. आई तिथेच पायरीवर बसून राहिली, आतून परत कुणी हाक मारील म्हणून. पोर तिच्या पाठीवरच गेली. ते औषध शोधून काढल्याला तेव्हा कित्येक वर्षं उलटली होती. कारखाने निघाले होते. आपल्या देशातही ते बनत होतं. माझ्या आईपर्यंत मात्र ते आलं नव्हतं.

"मन्हा दारवर कोन्ही ऊना तं मी नही म्हनाव नही," आई म्हणाली. तिच्या दारात आलेल्याला ती नाही म्हणणार नव्हती. मी डबा परत फळीवर ठेवला. पण माझा राग गेला नाही, तो फक्त आणखी काही लोकांवर जाऊन बसला.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर दादाच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला मशीनची तार लागली. जखम काही मोठी नव्हती. खात्यात असलं रोजचंच. त्याने तिथलाच चिंधीचा तुकडा गुंडाळला आणि पाळी पुरी केली. घरी आल्यावर आईने तेच केलं जे आमच्या गल्लीत प्रत्येक जखमेला करतात. लाल-काळी उघडली, आतली पूड जखमेवर टाकली, वरून पट्टी बांधली, आणि दुसरी लाल-काळी पोटात दिली. ठणका कमी झाला. दादा कामावर गेला. चार-आठ दिवसांनी अंगठा परत सुजला, तेव्हा डब्यातली पिवळी झाली. मग गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरकडे सलाइनची एक बाटली आणि एक सुई झाली. या डॉक्टरने काय टोचलं ते दादाला माहीत नाही, वहिनीला माहीत नाही, आणि विचारायची तिथे पद्धत नाही. गोळ्या कागदाच्या पुडीत, नावाशिवाय. भिंतीवर डिग्री मात्र चौकटीत लावलेली आहे.

मला कुणी कळवलं नाही, कारण मी आले की भाषण देते असं घरात सगळ्यांचं मत आहे. एका रविवारी मी सहज गेले. दादा पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजला होता आणि खोलीत एक गोडसर घाण वास होता. मी पट्टी सोडली. अंगठा काळानिळा झाला होता आणि मनगटापासून कोपराकडे लाल रेघ चढलेली दिसत होती. मी रिक्षा बोलावली, आई आणि वहिनीही सोबत बसल्या. दादा तापात बरळत होता, तरी म्हणत होता की उद्याची पाळी आहे.

त्याच्या अंगठ्यावर आमच्या घराचं काय टांगलेलं आहे, हे मागावर काम न केलेल्यांना सांगायला हवं. माग चालतो विजेवर. तुटलेला धागा जोडायचा माणसाने, तोही असा की कपड्यावर डाग दिसू नये. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये धागा धरून डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारावी लागते. तेवढ्यासाठी माणूस ठेवलेला असतो. दादाची गाठ खात्यात नावाजलेली होती. अंगठा गेला म्हणजे मागावरचा माणूस संपला.

मोठ्या दवाखान्यातल्या तरुण गुजराती डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, आतापर्यंत कोणकोणतं औषध झालं? आम्हा तिघींपैकी एकीलाही नाव माहीत नव्हतं. वहिनी रंग सांगायला लागली. मग आईने पिशवीतून तो निळा डबाच काढून डॉक्टरपुढे ठेवला. तिला वाटलं होतं, डॉक्टर बघून ओळखतील. त्याने एकेक तुकडा उलटापालटा करून पाहिला. कात्रीने कापलेले तुकडे ते, कशावर नावाची शेवटची दोन अक्षरं, कशावर नुसती कंपनीची रेघ. काही तर माझ्या मुलाच्या जन्माच्या वेळचे, कितीतरी वर्षांपूर्वीचे असावेत. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्याने डबा बंद करून आईच्या हातात दिला आणि इतकंच सांगितलं की पू तपासायला पाठवलाय, कुठलं औषध चालतं ते कळलं की हात वाचवायला बघू.

तपासायला म्हणजे काय करतात, हे मला माहीत होतं. मी तिसऱ्या दिवशी त्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. आतल्या बाईंना म्हटलं, मी विज्ञान शिकवते, मला माझ्या भावाची बशी बघायची आहे. त्या आधी नाही म्हणाल्या. मग काय वाटलं कोण जाणे, बशी काचेपलीकडून माझ्यासमोर धरली.

काचेची बशी. तीच, पुस्तकातली. दादाच्या अंगठ्यातले जंतू तिच्यात सायीसारखे पसरले होते. त्यांच्यावर वेगवेगळ्या औषधांच्या छोट्या गोल चकत्या ठेवल्या होत्या. औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ वर्तुळ पडतं. ज्या वर्तुळापासून हा सगळा इतिहास सुरू झाला, तेच. मी एकेक चकती बघत गेले. वर्तुळ नव्हतं. पुढच्या चकतीभोवतीही नव्हतं. साय थेट चकतीच्या कडेपर्यंत जाऊन भिडली होती. शेवटी एका चकतीभोवती तेवढं एक वर्तुळ दिसलं. त्या बाई बोटाने ते दाखवून म्हणाल्या, हे एक चालेल, नशीब समजा.

पुन्हा नशीब. मला त्या खिडकीवर हात आपटावासा वाटला. त्या पहिल्या वर्तुळापासून अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. कुणी त्याच्यासाठी शौचाची भांडी घासली, कुणी माणसाच्या लघवीतून कण न् कण वेचला. आणि आपण सगळ्यांनी मिळून, दोन-दोन गोळ्या कापून, ते वर्तुळ मिटवून टाकलं. आता जो तो काखा वर करतो. शेठ म्हणतो, मी थोडीच गोळी खा म्हटलं. मेडिकलवाला म्हणतो, लोकच मागतात. डिग्रीवाला म्हणतो, नाही टोचलं तर दुसरीकडे जातात. आमच्या शिक्षकांच्या खोलीत यावर बोलणं झालं तेव्हा एक जण म्हणाले, या लोकांत अज्ञान फार. हेच गृहस्थ साधी सर्दी झाली तरी खिशातून पाकीट काढून एक गोळी तोंडात टाकतात. मी तिथेच त्यांना ते सांगितलं, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. ठीक आहे.

आईला मी बशीतलं सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकलं. मग म्हणाली, "मी काय इख दिन्हं का तेले?" विष नव्हतंच ते. मी तसं सांगितलं.

त्या एका चकतीचं औषध दादाच्या शिरेतून गेलं आणि हात वाचला. अंगठ्याचं वरचं पेर मात्र काढावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरने त्याच जातीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाजूला घेऊन बजावलं की या शेवटपर्यंत संपवायच्या, एकही उरता कामा नये. मी दादाला बजावलं, वहिनीला बजावलं, आईला बजावलं. त्याची मशीनं तोवर बदलीकडे गेली होती. दादा दिवसभर खिडकीच्या गजाला धागा बांधून उरलेल्या अर्ध्या अंगठ्याने गाठ मारायचा प्रयत्न करत बसे. धागा निसटायचा.

पुढच्या रविवारी मी गेले आणि आधी डबा उघडला. त्या गोळ्या, त्याच, पाकिटातल्या जवळजवळ निम्म्या, डब्यात होत्या. मी जी भडकले ती गल्लीला ऐकू गेली असेल. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. दादा शांतपणे म्हणाला, "आते मी बरा शे ना. भारी गोळी शे ती, कोन्हा जीव वाची." त्याचा स्वतःचा अंगठा गेला होता, आणि तो दुसऱ्या कुणाचा जीव वाचवायला गोळ्या ठेवत होता. त्याच्यावर रागवावं कसं, आणि न रागवावं तरी कसं?

मी एक गोळी काढून त्याच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, माझ्यासमोर घे. त्याने ती उचलायला हात पुढे केला. सवयीने उजवाच. अंगठा पुरला नाही. गोळी निसटली, फरशीवरून घरंगळत पलंगाखाली गेली. आई गुडघ्यावर बसली, हात घालून तिने ती काढली, फुंकर मारली, पदराला पुसली. तिचा हात आपोआप डब्याकडे वळला, आणि थांबला. ती दादाच्या अंगठ्याकडे बघत होती. मग तिने गोळी त्याच्या तोंडात घातली, लहान पोराला घालतात तशी, आणि तो गिळेपर्यंत पाण्याचा पेला धरून उभी राहिली.

तेवढ्यात दाराशी हाक आली. पलीकडच्या घरातली म्हातारी होती. तिच्या सुनेला सकाळपासून ताप होता, सुनेला साडीला खडे लावायचं काम पुरं करून द्यायचं होतं. "माय, एखादी दे ना व. तुन्हा पोऱ्याले बरं कयं ती."

डबा उघडाच होता. म्हातारीला तो दारातून दिसत होता. आईने झाकण लावलं.

"नही शे," ती म्हणाली.

म्हातारीला कळेचना. या दारात हा शब्द तिने कधी ऐकलेला नव्हता. ती डब्याकडे बघत तशीच उंबऱ्याशी उभी राहिली, आणि आईने मान खाली घातली. मग आई पायात चपला सरकवत म्हणाली, "चाल. सूनले ले. मोठा दवाखानाम्हा जाऊत, मी येस संगे." दोघी गल्लीतून गेल्या. आई पुढे, भरभर, मागे न बघता.

इतकी वर्षं मी हेच तर मागत होते. पण मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. ज्या माणसाने खुर्चीत बसून माझ्या आईला नही शे म्हटलं, त्याला कुणी जाब विचारला नाही. वरून औषध न पाठवणाऱ्यांना कुणी विचारलं नाही, आणि नंतर ते चणे-फुटाण्यांसारखं विकणाऱ्यांनाही नाही. एकदा ऐकायला आणि एकदा म्हणायला, दोन्ही वेळा तो शब्द माझ्या आईच्याच वाट्याला आला. मला त्याचा संताप येतो, आणि तो मी गिळणार नाही.